राजमा, कळलावी आणि मानेतली गाठ

सुरतच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. घरात कुणाच्या मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण गाठ लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाची निघाली, तर ‘कुठला लिम्फोमा?’ हे ठरवायला अनेकदा गुणसूत्रं तपासावी लागतात. आणि या तपासणीच्या गोष्टी भन्नाट आहेत!

माणसाची गुणसूत्रं 46, हे पक्कं कळलं 1956 साली. तोवर पाठ्यपुस्तकं 48 सांगत होती.

गुणसूत्रं सुटीसुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच. रक्तातल्या सुस्त लिम्फोसाइटना विभागायला लावणारं एक प्रथिन चक्क राजम्यातून मिळतं! विभाजन मध्येच रोखणारं कोल्चिसिन आपल्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. आणि गुणसूत्रांवरचे पट्टे रंगवणारा गिम्सा रंग मुळात मलेरियाचे परजीवी पाहण्यासाठी बनला होता.

डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे सर्जन. लहान मुलांच्या जबड्यात झपाट्यानं वाढणाऱ्या गाठींवर त्यांनी 1958 मध्ये लिहिलं. 1972 मध्ये या ‘बर्किट लिम्फोमा’च्या गाठींतल्या 14 नंबरच्या गुणसूत्रावर एक जादा तुकडा सापडला. तो आला कुठून? 8 नंबरवरून, हे 1976 मध्ये उलगडलं. त्या तुकड्यावर ‘मिक’ हे पेशी वाढवणारं जनुक असतं. 14 नंबरवर ते जाऊन बसतं अँटिबॉडी बनवणाऱ्या जनुकाशेजारी, जे बी-पेशीत, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये, सतत चालू असतं. शेजारी जागा, मग मिकला झोप कुठली!

फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा 14 आणि 18 यांची अदलाबदल होते आणि पेशी मरायचंच विसरते. हीच अदलाबदल ठणठणीत माणसांच्या रक्तातही थोड्या पेशींत सापडते. म्हणून नुसत्या या एका खुणेवर निदान होत नाही.

गुणसूत्रांचा पूर्ण नकाशा काढायला जिवंत पेशी लागतात. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या गाठीचा तो निघत नाही. तिथे कामी येते ‘फिश’ तपासणी. जनुकाच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवे चमकणारे ठिपके चिकटवतात. जनुक शाबूत असेल तर ठिपके जोडीनं, पिवळसर दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. गाठ ज्यात जतन करतात त्या मेणाच्या ब्लॉकमधून काढलेल्या, काही मायक्रॉन जाडीच्या कापावरही हे दिसतं.

म्हणूनच सुरतहून टाटा हॉस्पिटलला निघालेल्या रुग्णाच्या पिशवीत रिपोर्टांइतकाच हा ब्लॉक महत्त्वाचा. गाठ पुन्हा न कापता त्यावर नवी तपासणी होऊ शकते. बायोप्सी झाली त्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी ताडून पाहा आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक अजिबात ठेवू नका. मेणच ते, वितळतं.