मोपा कुठे गेलं? एक्स-प्लेनमधला विमानतळ आणि नॅव्ह डेटा

माझ्या एक्स-प्लेन 11 मध्ये गोव्याचं मोपा नव्हतंच. साहजिक आहे, सिम 2017 चा आणि मोपावरून विमानं उडायला लागली जानेवारी 2023 मध्ये. मग मी काय केलं, मूळ एपीटी डॉट डॅट फाइल उघडली आणि 100 ने सुरू होणारी धावपट्टीची ओळ थेट आत लिहिली. चाललं की! पुढे अपडेटरने मूळ फाइल परत आणली, दोन रात्रींचं काम साफ. इंजिनिअर असून बॅकअप नाही, हसा आता.

म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. कस्टम सीनरीत आपलं फोल्डर, त्यात 'अर्थ नॅव्ह डेटा', त्यात आपली एपीटी फाइल.

खरी गंमत पुढे आहे. धावपट्टी दिसते, आयएलएस मात्र गप्प! कारण ते वेगळ्या फाइलीत असतं, कस्टम डेटामधल्या 'यूजर नॅव्ह'मध्ये. लोकलायझरचा कोड 4, ग्लाइडस्लोपचा 6. ग्लाइडस्लोपचा कोन दिशेच्या आकड्याआधीच चिकटवतात, 3 अंश म्हणजे 300. मी इथे बराच वेळ अडकलो होतो. आणि धावपट्टी नंतर सरकवलीत तर इथलेही अक्षांश-रेखांश बदला, नाहीतर ढगातून खाली येताना सुई तुम्हाला शेजारच्या सड्यावर उतरवेल.