वाळूचा खड्डा मोजायचा कोणी?

खाण म्हटले की चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणी डोळ्यांसमोर येतात. पुणे जिल्ह्यात कोळसा नाही. तरीही शिरूर आणि दौंड तालुक्यांत खाणकाम चालते, आणि तेही नदीच्या पात्रात. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार वाळू हे 'गौण खनिज' आहे. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचे नव्हे. त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शिरूर वसले आहे घोड नदीकाठी, तर दौंड भीमेकाठी. घोड पुढे भीमेलाच मिळते. या नद्यांची वाळू पुण्याच्या बांधकामांना हवी असते. पण नदीला तिची गरज काय?

वाळू म्हणजे पाण्याची टाकी

एका काचेच्या भांड्यात कोरडी जाड वाळू भरा आणि मोजपात्राने तीत पाणी ओता. वाळूच्या घनफळाच्या सुमारे एकतृतीयांश पाणी कणांमधल्या पोकळ्यांत मावेल. यातले थोडे कणांना चिकटून राहते, बाकीचे निथळते. समजा, नदीत १ किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद आणि २ मीटर जाड वाळूचा थर आहे. त्याचे घनफळ २ लाख घनमीटर. त्यातून चौथा हिस्सा पाणी निथळते असे धरले, तरी ते ५ कोटी लिटर होते. काठच्या विहिरींना उन्हाळ्यात आधार असतो तो या पाण्याचा. वाळू गेली की ही टाकीच जाते.

दुसरा परिणाम पुलांवर होतो. पात्रात खोल खड्डा पडला की वरून येणारे पाणी त्यात कोसळते आणि खड्ड्याची वरची कड खात जाते. खड्डा जणू प्रवाहाच्या उलट दिशेने सरकतो. पाण्याबरोबर आलेला गाळ खड्ड्यातच साचतो. त्यामुळे पुढे जाणारे पाणी आपली भूक खालच्या पात्रावर भागवते. पुलाचे पाये उघडे पडतात ते असे. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुलाच्या वरच्या बाजूला किमान २५० मीटर आणि खालच्या बाजूला किमान ५०० मीटरपर्यंत वाळू काढता येत नाही.

देखरेखीची साखळी

२००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत ५ हेक्टरांहून लहान खाणींना पूर्वपरवानगीची गरज नव्हती. परिणामी मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडण्याची वाट मोकळी राहिली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रांनाही ही परवानगी आवश्यक ठरवली. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल बंधनकारक केला. नदीत वाळू किती आहे आणि दरवर्षी नव्याने किती येते, हे त्यात असायला हवे.

हा दुसरा आकडा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. घोडवर डिंभे आणि चिंचणी येथे, भीमेवर चासकमान येथे धरणे आहेत. वरून येणारी बरीचशी वाळू या जलाशयांतच अडते. त्यामुळे जुन्या काळी नदी जेवढी वाळू परत आणून टाकी, तेवढी आज आणेल असे धरून चालत नाही.

जागेवरची तपासणी महसूल खात्याकडे असते : जिल्हाधिकारी, खनिकर्म अधिकारी, तहसीलदार आणि गावपातळीवरचे कर्मचारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटींपर्यंत दंड होतो, वाहने आणि यंत्रे जप्त होतात. भीमेतल्या वाळू उपसणाऱ्या बोटी पथकांनी स्फोटाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण बोट दिसते. तिने केलेला खड्डा पाण्याखाली असतो.

गणित कुठे चुकते?

समजा, ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि १ मीटर खोल उपशाची परवानगी आहे. ती झाली १,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे ३५३ ब्रास. वाहतुकीच्या पावत्याही ३५३ ब्रासच्याच आहेत. कागद चोख! पण खड्डा प्रत्यक्षात ३ मीटर खोल असेल, तर वाळू गेली १,०६० ब्रास. पावत्या कितीही तपासल्या तरी हा फरक सापडणार नाही. तो सापडेल फक्त खड्डा मोजल्यावर.

मोजायचा तोही योग्य वेळी. पुरात खड्डा भरून आला की पुरावा बुजतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशा दोन्ही वेळी पात्राची पातळी घेणे २०२० च्या सूचनांत सांगितले आहे. सरकारने २०२३ मध्ये स्वतःच्या डेपोंतून वाळू विकून पाहिली आणि २०२५ मध्ये ते पुन्हा लिलावाकडे वळले. विक्रीची पद्धत कोणतीही असो, मोजमाप टळत नाही.

शाळेला काय करता येईल?

परवानगीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. कोळशाच्या खाणींनाही हाच नियम आहे आणि हा अहवाल सार्वजनिक असतो. जिल्हा सर्वेक्षणाचा मसुदा २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसह तो जरूर वाचावा. नदीतल्या खड्ड्यांजवळ मात्र मुलांना कधीही नेऊ नये. असे खड्डे जीवघेणे ठरतात.

त्याऐवजी काठच्या एका विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला शिक्षकांनी दोरीने मोजावी आणि विद्यार्थ्यांनी ती वहीत नोंदवावी. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी, पावसाच्या आकड्यांसह, गावाने ग्रामसभेत मांडल्या तर 'पाणी खाली गेले' या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळेल.