घाटाचा राजा आणि आदल्या रात्रीची शिदोरी

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. प्रवासी खाली उतरून वडे घेतात, आणि तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडली जातात. पुढे लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरमध्ये बोरघाट चढायचा असतो. त्यातला सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलणारी इंजिने लागतात.

शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीहून, हाच घाट रस्त्याने चढावा लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा खरा कस इथेच लागतो. सर्वांत आधी घाटमाथा गाठणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. या राजाला मागून ढकलणारे कोणी नसते आणि डोक्यावरच्या तारेतून वीजही मिळत नाही. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी शरीरात जे साठवले असेल, त्यावरच त्याला वर जायचे असते.

ही शर्यत एका दिवसात संपते. पण असाच घाट दुसऱ्या दिवशी आणि मग तिसऱ्या दिवशीही चढायचा असेल तर? टप्प्यांच्या शर्यतीत नेमके हेच करावे लागते. रोज एक टप्पा पार करायचा आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता. फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये ६ टप्प्यांनी सुरू झाली. आज ती २१ टप्प्यांची असते आणि सुमारे तीन आठवडे चालते. आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. अशा शर्यतीत सर्वांत वेगवान सायकलपटूच जिंकेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. ते का, हे समजण्यासाठी थोडे गणित करू.

घाटाचा हिशेब

सायकलपटूचे वजन ६५ किलो आणि सायकल १० किलोची, म्हणजे एकूण ७५ किलो धरू. खोपोली ते खंडाळा ही चढण हिशेबापुरती ४५० मीटर मानू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य ७५ × ९.८ × ४५०, म्हणजे सुमारे ३३१ किलोज्यूल. हे अंतर अर्ध्या तासात, म्हणजे १८०० सेकंदांत कापले, तर नुसत्या चढण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे १८४ वॅट होते. घर्षण आणि हवेचा विरोध यांचा खर्च वेगळा.

पण आपले स्नायू हे काटकसरी यंत्र नाही. अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो. म्हणजे ३३१ किलोज्यूल कार्यासाठी सुमारे १३२० किलोज्यूल, अर्थात ३१५ किलोकॅलरी खर्च होतात. उरलेल्या सुमारे ९९० किलोज्यूलची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम वाळताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने ४०० मिलिलिटर घाम पुरेल. अट एकच, तो वाळला पाहिजे. घाटाखालच्या दमट हवेत बराचसा घाम नुसताच ओघळतो. चढावर वेग मंदावल्यामुळे अंगावर वाराही कमी येतो. म्हणून पाणी जास्त जाते आणि अंग मात्र तेवढे थंड होत नाही.

घोळक्याचा आडोसा

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २० किलोमीटरचा वेग दुप्पट करून ४० केला, तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. म्हणून स्पर्धक एकमेकांच्या मागे चिकटून जातात. दुसऱ्याच्या आडोशाने जाणाऱ्याला हवेचा विरोध साधारण एकतृतीयांशाने कमी होतो आणि मोठ्या घोळक्याच्या आत तर त्याहूनही कमी.

नियमही याला साथ देतो. घोळक्यात एकत्र पोचणाऱ्या सर्वांना त्या टप्प्याची एकच वेळ दिली जाते. म्हणजे शंभराव्या क्रमांकावर आलेल्याचेही नुकसान नाही. उलट त्याने उद्यासाठी ऊर्जा वाचवलेली असते. घाटात मात्र वेग कमी असल्याने हा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. तिथे प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. म्हणून सपाटीवर कोणी किती वाचवले, हे घाटात दिसून येते.

शरीरातले कोठार

तीव्र श्रमाच्या वेळी स्नायूंना मुख्यतः कर्बोदके लागतात. ती स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असतात. हे कोठार लहान असते, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर फार तर २००० किलोकॅलरी. चरबीचा साठा पुष्कळ मोठा असला, तरी तिच्यापासून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असतो. ग्लायकोजेन संपले की मनाची कितीही तयारी असो, वेग खाली येतोच.

मोठ्या शर्यतीत रोज किती ऊर्जा खर्च होते, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८४ च्या ‘तूर द फ्रान्स’मध्ये मोजले. पद्धत सुंदर आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी सायकलपटूंना प्यायला दिले. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे बाहेर जातो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. दोघांच्या घटण्यातील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला हे कळते आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च. तो दिवसाला सुमारे ७००० ते ८६०० किलोकॅलरी निघाला. आपल्या भाषेत सांगायचे तर तांदळाच्या ३५-४० भाकऱ्या, रोज!

शर्यत रात्रीही चालू असते

रिकामे झालेले ग्लायकोजेनचे कोठार पूर्ण भरायला, भरपूर कर्बोदके खाऊनही, साधारण २४ तास लागतात. पहिल्या काही तासांत ते जास्त वेगाने भरते. म्हणून टप्पा संपताच खाणे, पुरेसे पाणी आणि मीठ घेणे आणि गाढ झोपणे ही चैन नव्हे, तो शर्यतीचाच भाग आहे. ज्याचे पोट आणि झोप साथ देते, तो तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा घाट चढतो.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी दोन्ही प्रकारच्या शर्यती पूर्ण केल्या आहेत. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत संपवली. तिच्यात टप्पे नसतात. झोपलात तरी घड्याळ चालूच राहते, म्हणून प्रत्येक तासाच्या झोपेची किंमत मोजावी लागते. २०१८ मध्ये ते मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९१०० किलोमीटरची शर्यत १५ टप्प्यांत, २५ दिवसांत पार करून आले. इथे टप्पा संपला की घड्याळ थांबते आणि मिळालेला वेळ शरीराची भरपाई करण्यात किती चांगला वापरता, यावर पुढचा टप्पा ठरतो.

वर्गात करून पाहा

शाळेच्या जिन्याची उंची मोजा. विद्यार्थ्याचे वजन आणि चढायला लागलेला वेळ नोंदवा. ४० किलोचा विद्यार्थी ६ मीटर उंच जिना ८ सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती ४० × ९.८ × ६ ÷ ८, म्हणजे २९४ वॅट. आपल्या सायकलपटूच्या १८४ वॅटपेक्षा जास्त! मुले खूश होतील. मग विचारा, ‘हीच शक्ती अर्धा तास टिकवाल का? आणि उद्या पुन्हा?’ वेग आणि टिकाव यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यातून आम्हा सर्वांनाच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवरून पायी किंवा सायकलने शाळेत येणारी मुले तालुका स्पर्धेसाठी सकाळी सराव करतात, तेव्हा त्यांतली कित्येक नुसत्या चहावर आलेली असतात. दोन-चार दिवसांत त्यांचा वेळ खालावला, की आपण त्यांना ‘जिद्द कमी पडते’ म्हणतो. खर्चाच्या मानाने आहार सतत कमी पडला, तर हाडे कमकुवत होतात, आजार वाढतात, मुलींची मासिक पाळी थांबू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या धोक्याकडे सर्व क्रीडाशिक्षकांचे लक्ष वेधले.

कर्जतला गाडी चढेना तर इंजिनाला कोणी आळशी म्हणत नाही, मागे आणखी इंजिने जोडतात. मैदानावर मूल मागे पडू लागले, तर त्याला ओरडण्याआधी आपण एवढेच विचारावे, ‘काल रात्री काय जेवलास? किती झोपलास?’