काळीकाठची वीज आणि झुकणाऱ्या नलिका

कुळगीच्या अरण्यप्रदेशातून वाहणारी काळी नदी पुढे कैगा अणुवीज केंद्रापाशी पोहोचते. तेथील प्रत्येक अणुभट्टीत झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातूच्या ३०६ आडव्या नलिका असून त्यांतून सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले जड पाणी वाहते. एवढ्या उष्णतेत धातू वितळत नाही. मात्र सततच्या ताणाखाली तिच्या स्फटिकरचनेतील दोष सरकत राहतात. न्यूट्रॉनांचा मारा त्यात भर घालतो. (तापवलेल्या घंटेचा नाद लवकर विरतो, तोही धातूतील अशाच अंतर्गत हालचालींमुळे.) इंधनाच्या भाराने नलिका वर्षानुवर्षे मध्यभागी झुकत जाते. बाहेरच्या थंड नलिकेला ती टेकली, तर त्या जागी हायड्रोजन साचून धातू ठिसूळ होतो आणि तडा जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणूनच दोन्ही नलिकांमध्ये स्प्रिंगची कडी बसवलेली असतात. कैगाचा पहिला संच ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालला. हे झुकणे त्या काळातही थांबले नव्हते.