५० लक्सचा हिशेब

अहमदाबादच्या शाहीबागेतलं कॅलिको वस्त्रसंग्रहालय बघायला जाणाऱ्यांची पहिली तक्रार उजेडाची असते. आधी नाव नोंदवा, मोजक्या लोकांच्या गटातून मार्गदर्शकाच्या मागोमाग चाला, फोटो काढू नका. एवढं सोसून आत जावं तर दालनं मंद. गौतम आणि गिरा साराभाईंनी १९४९ साली उभारलेल्या या संग्रहाचं हे सोवळं अनेकांना खटकतं. उजेडापुरतं मात्र ते पूर्ण रास्त आहे. जुन्या कापडासाठी जगभरची संग्रहालयं ५० लक्सची मर्यादा धरतात, म्हणजे चांगल्या कचेरीतल्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं. रात्रभर दिवे मालवले म्हणून ते भरून येत नाही. ५०० लक्समधला एक तास कापडाला ५० लक्समधल्या दहा तासांइतका महाग पडतो. पाटणच्या पटोल्यासमोर हा हिशेब पटतो. त्याचे उभे-आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच गाठी बांधून रंगवलेले. मागावर रंगाला रंग नेमका भेटला, तरच हत्ती हत्तीसारखा दिसणार. एका साडीत महिनोन्‌महिने जातात, आणि उडालेला रंग पुन्हा चढवायची सोय नाही. चितारलेल्या सुती कापडांत तर वैरी आतच बसलेला: काळ्या रेघांसाठी वापरलेलं लोखंडाचं पाणी धागा कुरतडत राहतं आणि कापड नेमकं त्या रेघांवरच विरतं.

वस्त्र अंगावर मिरवायचं, कोंडून काय ठेवायचं, असं कोणी म्हणेल. पण आपल्याकडे जरीच्या जुन्या साड्यांचं काय झालं? विटल्या की जर जाळून चांदी काढली, आणि वीण राखेत गेली. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. हा ठेवा ज्यांच्या पूर्वजांच्या हातचा, त्या विणकरांनी घाईच्या फेरीत वीण वाचायची कशी? संग्रहालयाने अभ्यासाचे जाडजूड ग्रंथ काढले आहेत खरे, पण मागावर बसणाऱ्याला हवा असतो काठाचा एक स्वच्छ फोटो. फ्लॅश न वापरणारा कॅमेरा ५० लक्समध्ये एका लक्सचीही भर घालत नाही. म्हणून फोटोबंदीला कापडाच्या जिवाचं कारण देता येणार नाही. दिवे मंदच राहू द्यावेत. विणकरांना मात्र सावकाश बघायला आणि फोटो काढायला वेगळी वेळ द्यावी.