आजीने सांगितले, पण पुरावा?

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यात कुणीही लिहू शकते, पण काहीही लिहून चालत नाही! आजीच्या गावाच्या लेखात आम्ही तिने सांगितलेली, गावाच्या नावाची गोष्ट घातली. दुसऱ्या दिवशी ती गायब. आम्हांला रागच आला. मग लेखाचा ‘इतिहास’ उघडला. तिथे झालेले बदल कारणांसह दिसतात. कारण होते: संदर्भ नाही. आजी खोटे बोलत नाही हो, पण वाचणाऱ्याने पडताळायचे कुठे? पुस्तकासारखा प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ हवा. तेच पुन्हा पुन्हा घालायचे नसते. ‘चर्चा’ पानावर विचारायचे, खाली चार नागमोडी चिन्हांनी सही करायची. सरावाला ‘धूळपाटी’ आहे. या शब्दाचा अर्थ मात्र फोन करून आजीलाच विचारला: धूळ पसरलेली पाटी, बोटाने लिहायचे नि पुसायचे.