पदरावरचा किल्ला

मित्रांनो, किल्ले डोंगरावर असतात हे आपल्याला पाठ आहे. पण किल्ला पदरावर पण असतो! आपल्या सातारा-सांगलीकडं पुष्कळ घरांत आज्जीचं इरकली लुगडं असतं. त्याचा तांबडा पदर नीट उलगडून बघा. त्यावर पांढरे दात दिसतील. ते नुसते दात नव्हेत, ती किल्ल्याची तटबंदी आहे.

इरकल म्हणजे इलकल हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या जुन्या पद्धतीत लुगड्याच्या अंगाचे उभे धागे सुती आणि पदराचे रेशमी असतात. दोन्ही धागे एकमेकांत फासासारखे अडकवून जोडतात. पदरावर तटबंदी, फणी, जोंधळा आणि डोंगररांग असते. विणकरांनी रोज जे पाहिलं, तेच धाग्यात आणलं.

या लुगड्यांवर कसुती नावाचं भरतकामही करतात. त्यात देवळाचं गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन आणि हत्ती असतात. आधी चित्र काढायचं नाही, कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, आणि गाठ अजिबात मारायची नाही. गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मुर्गी टाका जिन्यासारखा पायरी-पायरीनं चढत जातो.

पायऱ्या का बरं? कापडात धागे उभे आणि आडवे असतात. त्यामुळं तिरकी रेघ आणि गोल कळससुद्धा पायऱ्यांनीच दाखवावा लागतो. तटबंदीचे दात मात्र आधीच चौकोनी, म्हणून किल्ला कापडावर छान बसतो.

हे समजल्यावर मी गणिताची चौकटीची वही घेतली आणि रेशमी रुमालाचा नमुना काढला. चारी बाजूंना तटबंदीचा काठ केला. प्रत्येक दात 2 चौकटी रुंद, 3 चौकटी उंच, आणि मध्ये 2 चौकटी मोकळ्या. कोपऱ्यात प्रतापगडाची गोष्ट घेतली. हा किल्ला आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. तिथं 10 नोव्हेंबर 1659 ला शिवाजीमहाराज आणि अफझलखान यांची भेट झाली.

कोपराच का? कारण रुमाल तिकोनी दुमडून खांद्यावर घेतला की पाठीवर एकच कोपरा दिसतो, आणि त्याचं टोक खाली असतं. म्हणून वही फिरवून टोक खाली केलं. टोकाला जागा अरुंद, तिथं जावळीचं खोरं काढलं. त्याच्यावर शामियाना आणि सगळ्यांत वर रुंद जागेत गड. बघणाऱ्याची नजर खोऱ्यातून गडावर चढते, आणि गोष्ट आपोआप कळते.

हा नमुना अजून कागदावरच आहे. खऱ्या रेशमावर पातळ रंग लावला तर तो धाग्यांतून पसरतो. म्हणून रंगवणारे लोक आधी रेघांवर पातळ मेणाची कड ओढतात आणि मग आत रंग भरतात. रंग त्या कडेपाशी थांबतो, जसं शेतातलं पाणी बांधाला थांबतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लुगडं विरलं की आपण त्याची गोधडी शिवतो. गोधडी ऊबदार असते, ती शिवायलाच पाहिजे. पण फाडताना पदरावरचा किल्ला पण फाटतो, आणि तो कसा होता हे मग कुणाला सांगता येत नाही. आमच्या घरी आज्जीचं एक लुगडं गोधडीसाठी काढून ठेवलंय. त्याचा पदर मी चौकटी मोजून वहीत उतरवून घेतला. तीन संध्याकाळी लागल्या. आज्जी शेजारी बसून सांगत होती, "ही फणी, हा जोंधळा." नावं पण मी लिहून ठेवली.

पालकांनो, तुमच्या ट्रंकेतही असं लुगडं असेल. कात्री लावण्याआधी एक दिवस ते तुमच्या मुलांच्या हातात द्या. आणि मित्रांनो, तुम्ही चौकटीची वही आणि पेन्सिल तयार ठेवा!